अठ्ठावीसची लेन्स आणि सारवलेलं पेव

लाकडी स्टँडवरचा आमचा मोठा हाफ-प्लेट कॅमेरा पेवाच्या तोंडात अडकला तेव्हा मी पंधरा फूट खाली उभा होतो. वरून माती डोळ्यांत पडत होती आणि आमचे मालक भाऊराव ओरडत होते, "सोडतोय रे शंकर, धर!"

"सोडू नका भाऊ! मुळात तो आत यायचाच नाही."

"मग तू आत कशाला गेलास?"

सकाळी निघतानाच मी तोंडाची रुंदी आणि कॅमेऱ्याची रुंदी सांगितली होती. भाऊराव म्हणाले होते, "तिरका करून घालू." तिरका करून घातला म्हणूनच तो अडकला होता.

हरिपूरची पेवं सगळ्यांना माहीत असतील असं नाही, म्हणून सांगतो. पेव म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठी. तोंड दोन-सव्वादोन फुटांचं, आत पोट मोठं, घागरीसारखं. हळद भरायची, तोंडावर पाला, फळ्या, माती घालून लिंपून टाकायचं. तिथली माती अशी की हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. आतली हवा कोंडलेली असते. आधी कंदील सोडतात. कंदील विझला तर तो दिवस सोडून द्यायचा. त्या सकाळी कंदील नीट जळत होता. अडचण फक्त आमचीच होती.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. मी सांगलीला भाऊरावांच्या स्टुडिओत फोटोग्राफर होतो. आमचं काम म्हणजे लग्नाची जोडपी, पलटणीत निघालेली पोरं आणि साठी झालेले सावकार. सगळे खुर्चीवर, सगळे सरळ बसलेले. जमिनीच्या पोटात शिरून फोटो काढायची वेळ आमच्यावर पहिल्यांदाच आली होती.

ती आली सिदूतात्यांमुळे. तात्यांची हरिपुरात पाच पेवं होती. आजोबांपासूनचा धंदा. त्यातल्या एका पेवात सांगलीचे व्यापारी नेमगोंडाअण्णा यांनी हळद ठेवली होती. दिवाळीनंतर पेव उघडलं तर एका अंगाची सगळी हळद काळी पडून बुरसलेली. अण्णा म्हणाले, तोंड कच्चं लिंपलं, पावसाचं पाणी आत गेलं. तात्या म्हणाले, तोंड पक्कं होतं.

"ह्या हातानं लिंपलंय म्या," ते मला म्हणाले. "पाणी वरनं न्हाई आलं. बाजूनं आलंय."

"बाजूनं कुठून?"

तात्या नुसतेच पागोटं सारखं करत राहिले.

प्रकरण हळदबाजारातल्या तीन पंचांपुढे गेलं. तिघेही साठीच्या पुढचे आणि अंगाने भरलेले. पेवात उतरा म्हटल्यावर तिघांनी हात जोडले. मधले पंच म्हणाले, "फोटू आणा. पर पेवाचं तोंड आन् आतला डाग एकाच फोटूत दिसू द्या. दोन फोटू आणलासा तर ह्ये पेव कुटलं आन् त्ये कुटलं, आमी कसं वळकायचं?"

बोलणं रास्त होतं. पंच तोंड कच्चं होतं म्हणाले असते, तर तात्यांच्या पाची पेवांत पुन्हा कुणी हळद ठेवली नसती. पेववाल्याचं सगळं भांडवल म्हणजे त्याचं नाव. ते वाचवायला पंधरा दिवस होते आणि आमचा कॅमेरा तोंडात अडकलेला होता.

तो दोघातिघांनी ओढून वर काढला. लाकडाचा एक कोपरा उडाला. भाऊरावांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू पेव मीच खणलं होतं.

"भाऊ, हे काम या कॅमेऱ्याचं नाही," मी म्हणालो. "तो आत गेला तरी काळ्या कापडाखाली डोकं घालून मागच्या काचेवर चित्र बघायचं. त्या अंधारात काचेवर काय दिसणार? लहान कॅमेरा पाहिजे. रेंजफाइंडरवाला. आणि वाइड-अँगल लेन्स."

"आणि तो काय झाडाला लागतो?"

झाडाला लागत नव्हता, पण साताऱ्यात एका सुभेदारांकडे होता. मूळचे पाटणकडचे. लढाईत इटलीत होते, येताना दोन जर्मन बनावटीचे कॅमेरे घेऊन आले होते आणि आता विकायचे म्हणत होते. दोन दिवसांनी आम्ही निघालो. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटर. प्रत्येक चढाला आम्ही उतरून चालत होतो आणि भाऊराव प्रत्येक चढाला विचारत होते, "वाइड-अँगल म्हणजे नक्की काय रे?"

वाइड-अँगल म्हणजे ज्या लेन्समधून जागा न हलता जास्त रुंद आणि जास्त उंच दिसतं ती. मोठ्या वाड्याच्या फोटोसाठी मागे सरकता येतं. पेवात मागे सरकलं तर पाठीला भिंत लागते. हे मी कऱ्हाडपर्यंत चार वेळा सांगितलं.

सुभेदारांनी दोन्ही कॅमेरे ब्लँकेटवर मांडले. अगदी पलटणीत किट इन्स्पेक्शनला सामान मांडतात तसे.

"ह्यो बघा आन् ह्यो बघा. लय सांभाळल्यात. रोज पुसतोय."

एकाचं चामडं नव्यासारखं चकचकीत. दुसऱ्याचं एका बाजूला सोललेलं. भाऊरावांनी लगेच चकचकीत उचलला.

"हा घेऊ."

"भाऊ, त्याला रेंजफाइंडर नाही. अंतर अंदाजाने लावावं लागतं."

"पण दिसतो किती झकास!"

"कॅमेरा काय बैल आहे, कातडं बघून घ्यायला?"

सुभेदार मोठ्याने हसले. भाऊराव हसले नाहीत. मला वाटलं नोकरी गेली.

सोललेला कॅमेरा मी खिडकीशी नेला. रेंजफाइंडरला पुढे दोन छोट्या खिडक्या असतात. मागच्या भोकातून बघितलं की एकाच वस्तूची दोन चित्रं दिसतात. हाताने कडं फिरवत जायचं. दोन्ही चित्रं एकमेकांवर बसली की फोकस झाला, आणि कड्यावर अंतराचा आकडा वाचता येतो. तो तपासायची एक साधी रीत आहे. खूप लांबची वस्तू बघायची आणि अगदी जवळची बघायची. दोन्हीकडे चित्रं नीट जुळली तर यंत्र शाबूत. लांबची म्हणून मी अजिंक्यताऱ्याच्या तटाची कड धरली. जवळची म्हणून सुभेदारांच्या मिशा. तट जुळला, मिशाही जुळल्या.

आता लेन्स. कॅमेऱ्यावरची नेहमीची पन्नास मिलिमीटरची होती. शिवाय दोन वाइड-अँगल होत्या, एक पस्तीसची आणि एक अठ्ठावीसची. आकडा जितका लहान तितकं जास्त मावतं.

"दोनीतली येकच देनार," सुभेदार म्हणाले. "दुसरी पुतण्याला कबूल केलीया."

मी मागचं झाकण काढलं, फिल्म असते त्या जागी तेल लावलेला कागद धरला आणि शटर उघडं ठेवलं. कागदावर लेन्स बघते तेवढं चित्र उमटतं, उलटं. खोलीच्या भिंतीला पाठ लावली, कॅमेरा उभा धरला आणि दाराकडे रोखला. पस्तीसमध्ये दाराचा उंबरा दिसला तर वरची चौकट कापली जात होती. अठ्ठावीसमध्ये उंबरा, चौकट आणि वरची दोन आढी, सगळं मावलं. कडेला उभे असलेले भाऊराव तेवढे आडवे पसरले होते. अशा लेन्समध्ये कडेचं सगळं ताणलं जातं. त्यांना मी ते सांगितलं नाही.

"अठ्ठावीसची," मी म्हणालो.

"तिची काच बघ की केवढीशी! पस्तीसची बघ," भाऊराव म्हणाले.

"हो. हिला उजेड कमी मिळतो."

"आणि?"

"आणि ही रेंजफाइंडरला जोडलेली नाही. आधी पन्नासची लावून अंतर मोजायचं, आकडा लक्षात ठेवायचा, मग ही चढवून तोच आकडा हाताने लावायचा."

"आणि?"

मी सुभेदारांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

"त्येचा वरचा व्ह्यूफाइंडर बोटीत हरवला," ते म्हणाले.

व्ह्यूफाइंडर म्हणजे फोटोत किती येणार ते दाखवणारी वरची खिडकी. भाऊरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हणजे कमी उजेडाची, न जोडलेली, वर आंधळी. अशी लेन्स घ्यायला आपण तिथून इथवर चालत आलो?"

"पेवाचं तोंड आणि डाग एका फोटोत हिच्यातच येणार, भाऊ. पस्तीस घेतली तर दोनातलं एक कापायचं. मग तात्यांनी काय करायचं?"

भाऊराव तसे माणूस वाईट नव्हते. त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "बांधा."

सांगलीला परत येऊन मी पुठ्ठ्याची चौकट कापली, तेलकागदावरच्या चित्राशी ताडून बघितली आणि कॅमेऱ्यावर डकवली. हा झाला व्ह्यूफाइंडर. अंतराचे आकडे मीटरमध्ये होते आणि आमची सगळी मापं फुटांत, म्हणून कागदाची पट्टी करून तीही चिकटवली. सुभेदारांनी दोन फिल्म रोल दिले होते. एक चाचणीत संपवला. निगेटिव्ह बघून भाऊराव म्हणाले, "हा फोटो आहे की पोस्टाचं तिकीट?" पण एन्लार्जरवर मोठं केल्यावर त्यांनी तो खिडकीशी नेऊन दोनदा बघितला.

पंच बसायला सहा दिवस उरले होते. कॅमेरा तयार, लेन्स तयार, मी तयार. सायकल काढून हरिपूर गाठलं.

पेवाच्या तोंडाभोवती रांगोळी काढलेली होती.

वाकून आत बघितलं. शेणमातीचा ताजा वास आला. आतली भिंत खालपासून वरपर्यंत गुळगुळीत, सारखी, काळसर ओली. डाग नाही, बुरशी नाही, काही नाही.

तात्यांच्या घरच्या, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, पदराला हात पुसत आल्या. साठीच्या घरातल्या, पण दोराला धरून पेवात उतरायला त्या घरात त्याच पहिल्या.

"झाली का तयारी? म्या काल दिसभर सारवलं."

"कशाला सारवलंत?"

"फोटू निगणार न्हवं? बाजारातली मोटी मानसं बगत्याल. आसलं घाण पेव दावायचं व्हय?"

"काकू, ती घाणच पाहिजे होती! त्या डागासाठी मी साताऱ्याला जाऊन आलो! पंचांना डाग दाखवायचा होता, तुमचं सारवण नव्हे!"

मी चांगलाच ओरडलो. आईच्या वयाच्या बाईवर ओरडलो, याची आजही लाज वाटते. पण तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. काकूंचा चेहरा उतरला. तात्या गोठ्याकडून आले, आत डोकावले आणि सगळं समजले. पेवाच्या तोंडाशी खाली बसले आणि रांगोळीकडे बघत राहिले.

"खरवडून काढता येईल का?" मी विचारलं.

"खरवडलं तर म्हनत्याल, डाग आमीच पाडला," तात्या म्हणाले.

तेही खरंच होतं. मी सायकल उचलली. भाऊरावांना सांगितलं तर ते म्हणाले, "मला आधीच वाटत होतं." मालक लोकांना नेहमी आधीच वाटत असतं. मी दोन दिवस लग्नाच्या जोडप्यांना उगाचच रागावत फोटो काढले.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओचं दार उघडतोय तर काकू पायरीवर बसलेल्या. हरिपुराहून चालत आल्या होत्या.

"कॅमेरा घ्या आन् चला."

"आता काय सारवलंत?"

माझा टोमणा त्यांनी कानाआड केला. "म्या रोज उतरून भिताडाला हात लावून बगती. समदं वाळलं. पांढरं पडलं. पर एक कोपरा वाळंना. बोट दाबलं तर रुततंय."

"कुठला कोपरा?"

"पाटाकडचा. परवा पाटाला पाणी सोडलं, तवापासनं ज्यादाच वल आलीया."

मी हातातलं कुलूप तसंच धरून उभा राहिलो. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते. पेवाचं तोंड उघडं, कोरडं. आणि भिंतीला ओल नवी, या आठवड्यातली. जुना डाग बघून पंच म्हणाले असते, पावसाचं पाणी वरून ओघळलं असेल. या ओलीला पाऊस कुठून आणणार? मी साताऱ्याहून लेन्स आणली खरी, पण पुरावा काकूंनी सारवून तयार केला होता, आणि मी त्यांच्यावर ओरडलो होतो.

"पाट कुणाचा, काकू?"

"नेमगोंडाअण्णांचाच हाय. औंदा नवा ऊस लावलाय न्हवं त्यांनी. वाटेकरी पाणी पाजतो, अण्णा कवा फिरकत न्हाईत तिकडं."

आता मला तात्यांचं गप्प बसणं समजलं. पिढ्यान् पिढ्यांचं गिऱ्हाईक. तोंडाने म्हणायचं कसं, की तुमची हळद तुमच्याच पाण्याने गेली?

भर दुपारी आम्ही कामाला लागलो. फ्लॅशची पावडर बंद पेवात उडवली तर धुराने आम्हीच गेलो असतो. म्हणून काकूंनी शेजारून मोठा आरसा मागून आणला. तो वर भाऊरावांनी धरायचा आणि ऊन पेवात पाडायचं. कंदील सोडून हवा बघितली. मग मी उतरलो, मागून काकू. ओल्या कोपऱ्यासमोरच्या भिंतीला टेकून मी जवळजवळ पाठीवर झोपलो आणि कॅमेरा वाळूच्या पिशवीवर टेकवला.

फोकस करायला भिंत चालत नव्हती. सपाट भिंतीत जुळवायचं काय? काकूंना म्हटलं, कंदील ओलीजवळ धरा. रेंजफाइंडरमध्ये दोन वाती दिसल्या. कडं फिरवलं, दोनाची एक झाली. तीन मीटर. पन्नासची काढली, अंधारात चाचपत अठ्ठावीसची चढवली, हाताने तीनवर आणली. वाइड-अँगलमध्ये थोडं मागेपुढे झालं तरी खपतं. पुठ्ठ्याच्या चौकटीतून बघितलं. वर तोंडाचा उजेडाचा गोल, खाली ओल. दोन्ही आत.

"काकू, कंदील खाली ठेवा आणि हात ओलीवर ठेवा. वीस मोजेपर्यंत हलायचं नाही. भाऊ, आरसा!"

ऊन खाली उतरलं. शटर उघडलं. सात... आठ... आणि ऊन गेलं.

"भाऊ!"

"अरे, पाटलांनी रामराम घातला!"

"मग घालू दे की! आरसा धरा!"

दुसऱ्यांदा माशी बसली. तिसऱ्यांदा हात दुखला म्हणून त्यांनी आरसा बदलून धरला. काकू तेवढ्या वेळात पापणीसुद्धा हलवत नव्हत्या. स्टुडिओतल्या एकाही रावसाहेबाला ते जमलं नव्हतं. पाचव्या खेपेला वीस पुरे झाले.

पंच अण्णांच्याच दुकानात बसले. मोठा केलेला फोटो मी गादीवर ठेवला. वर तोंड, लख्ख, काठ कोरडा. खाली पांढरट भिंत आणि तिच्यावर पसरलेली काळी ओल. कडेला काकूंचा हात, लेन्समुळे ताणून लांबलेला, बरोबर ओलीवर.

मधल्या पंचांनी चष्मा लावला. "ह्ये सारवण कवाचं?"

"सात दिस झालं," तात्या म्हणाले.

"आन् वाळलं न्हाई?"

"तेवडंच न्हाई वाळलं."

पंच अण्णांकडे बघायला लागले. अण्णांनी फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला.

"तात्या, ह्या अंगाला काय हाय?"

तात्या खाली बघत होते. मला वाटलं, आताही हा माणूस बोलणार नाही.

"तुमचा पाट हाय, अण्णा."

अण्णांनी मनात आणलं असतं तर सहज वाद घालता आला असता. फोटोवाला तात्यांचा, सारवण तात्यांच्या बायकोचं.

"इतकं दिस का बोलला न्हाईसा?" अण्णांनी विचारलं.

"बोललो असतो तर तुमी म्हनला असता, आपलं झाकाया आमच्यावर ढकलतोय."

अण्णांनी मान हलवली. "व्हय. म्हनलोच असतो." मग पंचांकडे वळून म्हणाले, "उटा. चा घिऊन जावा. पाणी माजं, हळद माजी. पेव चांगलं हाय."

पुढच्या वर्षी पाट वीस हात पलीकडे गेला आणि अण्णांची हळद त्याच पेवात उतरली. तोंड लिंपलं तेव्हा अण्णा स्वतः हजर होते, असं तात्या सांगत. मी काकूंची माफी मागायला गेलो तर त्या म्हणाल्या, "त्ये जाऊ द्या. माजा हात एवडा मोटा का काडला?"

भाऊरावांनी त्या फोटोची एक कॉपी स्टुडिओच्या काचेत लावली. लोकांना ती विहीर वाटायची. लेन्स आपणच निवडली, हे ते प्रत्येकाला सांगत. मी कधी खोडून काढलं नाही.

त्यानंतर तीस वर्षं मी बाहेरगावची कामं केली. रेंजफाइंडर बदलले, लेन्स बदलल्या. एक नियम मात्र पाळला. निघायच्या आधी निरोप पाठवायचा: येतोय, काही झाडू नका, काही सारवू नका, आहे तसं राहू द्या.

निरोप वेळेवर पोचतो. तरी सारवतातच.